दर तासाला एक थेंब

आधी पाय गेले. म्हणजे होते, दिसत होते,
पण चपलेत कोण आहे ते कळेना.
मग बोटं. पर्थ रोडवरच्या माझ्या दुकानात
मॅकरेंच्या थोरल्याच्या किल्टची चूण धरताना
पांढऱ्या रेघेवर लाल ठिपका आधी दिसला,
सुई टोचल्याचं नंतर कळलं.
खरं तर कळलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, तुमचेच पहारेकरी
तुमच्याच नसांवरचं वेष्टण कुरतडताहेत.
लाखात एखाद्याला होतं.
मी म्हटलं, आमच्यात याला म्हण आहे,
कुंपणानंच शेत खाल्लं.
इंग्रजीत सांगितल्यावर नुसतं कुंपण उरलं, नुसतं शेत.
तरी त्यांनी लिहून घेतलं.

मार्चमध्ये डोळा आला.
पाय गेले, डोळा आला :
आपल्या भाषेत शरीराची अशी सारखी ये-जा.
मला वाटलं शाळेतल्यासारखंच असेल, चार दिवसांचं,
गुलाबपाण्याची घडी ठेवून पडले.
पण सकाळी टे नदीवरून ऊन वर आलं
ते फोडणीच्या खाटासारखं डोळ्यात गेलं.
फटीएवढ्या उजेडातून आत बघणारी मुलगी म्हणाली,
आत धुकं आहे.
डंडीत बाहेरही होतंच.

आता दर तासाला एक थेंब.
बाटली दाबली की नाही ते माझ्या बोटांना समजत नाही
म्हणून यदुनाथ दाबतो. त्याचा हात कापतो.
चुकलेला थेंब गालावरून ओघळला
की म्हणतो, रडू नकोस गं.
अरे, औषध आहे ते.
(रात्री तीनच्या थेंबाला मी हे म्हणत नाही.)

दर तिसऱ्या आठवड्याला सलाइन.
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तावरची निवळ
माझ्यात उतरते, भांडण सोडवायला.
घरातलं भांडण मिटवायला शेवटी शेजारीच लागतात.
सुई लावणाऱ्या नर्सचं नाव आयला.
पहिल्यांदा ऐकलं आणि हसूच फुटलं,
हा शब्द तोंडात आला म्हणून
आईनं एकदा उलथणं उगारलं होतं.
आता कळ आली की खुशाल ओरडते,
आयला!
ती धावत येते.
अर्थ विचारला तिनं. म्हटलं,
आई आहे त्यात कुठेतरी.

किल्ट अजून खुंटीला आहे.
डाग गार पाण्यानं गेला, एक चूण राहिलीय.
काल उठून बघते तर उशीत
सहा सुया टोचून ठेवलेल्या,
सहाही दोरा ओवलेल्या,
एकीत चुकून निळा.