दोन डोळ्यांची काडी

मला कुणी शिकवलं नाही.
तातोबा कारंडे कलमं बांधायचा
मणेराजुरीच्या माळावर, शेकडा दरानं,
आणि मी बादली धरायची.
बादलीत पाणी, पाण्यात काड्या,
एकेका काडीला दोन डोळे.
माझ्याकडं न बघता तो हात पुढं करायचा,
मी काडी ठेवायची, शेंडा वर.
उलटी ठेवली तर बोलायचा नाही,
नुसता हात तसाच धरून ठेवायचा.

सरीच्या अल्याड तो, पल्याड मी,
मधे डॉगरिजचा खुंट, पेन्सिलीएवढा.
खुंट छाटायचा. उभी चीर द्यायचा.
काडी दोन्ही अंगांनी तासून पाचर करायचा,
चिरेत सरकवायचा, साल सालीला भिडवायचा,
आणि पट्टी ओढत ओढत वेढे द्यायचा,
विडीचे दोन झुरके होतात न होतात तोवर.
चाकू बाईमाणसाच्या हातात द्यायची रीत नव्हती.
बघायला मात्र कुणी आडवं आलं नाही.

रात्री आई म्हणायची,
"आगं, झोपंत काय वळतीस? वाती?"

मग ते वर्ष आलं,
अख्ख्या गावाचे सांधे धरले ते.
तातोबा वाकळेत कण्हत पडलेला,
इकडं काड्या वाळायला लागलेल्या,
बागवाला बांधावर उभा राहून घड्याळ बघतोय.
मुकादम म्हणाला, "बांधतीस?"
मी चाकू घेतला
आणि तो डाव्या हातात आला.
जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं,
पण सहा हंगाम मी समोरून बघितलेलं.
आरशानं शिकवावं तसं
त्याचं उजवं माझ्यात डावं होऊन उतरलेलं.

चाळीस बांधली त्या दिवशी.
कुठंही अडले नाही. बोटांना सगळं पाठ होतं.
तीन आठवड्यांनी सात फुटली.
(आमच्यात डोळा फुटला म्हणजे बरं झालं म्हणतात.)
बाकीचे तेहतीस खुंट
मेलेल्या काड्या डोक्यावर घेऊन उभे.

तातोबा काठी टेकत आला.
एका कलमाची पट्टी नखानं चाचपली.
"दिसाय अगदी माझं हाय," म्हणाला,
"धरलं न्हाय."
मग कसाबसा खाली बसला
आणि एक बांधून दाखवलं. दाखवलं कसलं, बांधलं.
तेव्हा मला दिसलं
जे हजार वेळा डोळ्यांपुढून गेलं होतं :
वेढा ओढताना त्याच्या अंगठ्याचं नख
पांढरंफटक व्हायचं,
नखाखालचं रक्त मागं सरायचं,
आणि वेढा बसला की पुन्हा तांबूस.
दर वेढ्याला. सुजलेल्या सांध्यांनीसुद्धा.
मला वाटायचं, जोर काही बघून कळत नाही.
जोराला रंग होता.
मी पट्टीच बघत बसले होते.

पुढच्या खेपेला नख बघून बांधली.
त्याचं नाही, माझं.
चाळिसात चौतीस फुटली.
तातोबानं विडी पेटवली, काही म्हणाला नाही,
दुसऱ्या दिवशी बादली मात्र त्यानंच उचलली.

आता सावळजपासून बोलावणी येतात.
परवा एका बागेत बादलीवर बसलेली पोरगी,
राजाक्का शिंत्र्यांची नात, मला म्हणाली,
"आजी, हे बोट वर का धरता?"
मी बघितलं. डाव्या हाताची तर्जनी,
धडधाकट, नखासकट, उगाच हवेत.
तातोबाचं ते पेर कडबाकुट्टीत गेलेलं.
पट्टी तो मधल्या बोटानं धरायचा,
उरलेलं थोटूक वर ठेवायचा, दुखायचं म्हणून.
मला काय ठाऊक,
मी तेही घेतलं.

पोरीला सांगितलं. खूप हसली.
हसता हसता वाळल्या काडीवर
पट्टीचा तुकडा गुंडाळून बघत होती,
नख पांढरं करत,
आणि तिचं बोट वर होतं.

मी म्हटलं, समोर बसू नको, शेजारी ये.
ती आली.
बोटाचं मी काही बोलले नाही.
हात पुढं केला, काडीसाठी.