उत्तन, दोन रात्री

सत्तावीस वर्षं आपण अंदमान अंदमान करत होतो.
ठाण्याच्या एक्स्चेंजमध्ये, पहाटे तीनच्या सुमारास,
हेडफोन मानेवर लोंबत असायचे
आणि तू कॅलेंडरच्या नकाशावर बोट ठेवायचीस, इथे.
नाही, चुकले. बोट मी ठेवायचे.
तू चहात बिस्कीट बुडवून नुसतं हो म्हणायचीस.

शेवटी हे उत्तन.
भाईंदरहून बस, पाऊण तास,
तुझ्या पिशवीत दोन थर्मास, मोरावळा, बॅटरी,
जणू बोटीने निघालोय चार दिवसांच्या वाटेला.

ज्युलियानाबाईंची खोली: एक खिडकी समुद्राकडे,
दुसरी बोंबलांकडे.
वलांड्यांवर रांगाच रांगा,
उन्हात चांदी, वासात सगळं गाव.
"जोडीनं टांगतो," बाई म्हणाल्या,
"एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा.
नाहीतर वाऱ्यानं पडतात."
तू हसलीस. "म्हणजे आपणच की गं.
भांडत भांडत वाळलो."

किनारा काही चित्रातला नाही.
काळपट वाळू, कलंडलेल्या होड्या,
जाळ्यांचे निळे ढीग,
एक चप्पल, डाव्या पायाची, कुणाची कोण जाणे.
पण माड आहेत. वारा आहे.
आणि साऱ्या जगात कुणालाही
या घटकेला आपल्याशी काम नाही.
पहिल्या दिवशी हे जरा लागलं मनाला.
दुसऱ्या दिवशी पैठणीसारखं अंगावर घेतलं.

बाईंच्या नातवाने, एल्रॉयने,
दोन लाल खुर्च्या आणून ठेवल्या थेट पाण्यात.
लाट आली की पाय रुततात, खुर्चीचे आणि आपलेही.
तू माझ्यापेक्षा चार बोटं जास्त रुतलीस
आणि त्याचा दोष समुद्राला दिलास.
शहाळी प्यायलो. मलई खरवडली.
एक खेकडा तुझ्या थर्मासपाशी येऊन
बराच वेळ विचार करत राहिला.
आपण काहीच केलं नाही.
इतकं काहीच नाही मी आयुष्यात केलं नव्हतं.

मी तुझ्या डावीकडे बसले होते.
मुद्दाम. तो कान तुझा गेलाय
लोकांचे ट्रंककॉल जोडता जोडता,
मयत, बाळंतपणं, पास-नापास,
सगळं त्याच कानातून गेलं.
लाट मोठी आली तेव्हा म्हणाले,
प्रफी, शहाण्णव साली
तुझा नाशिकच्या बदलीचा अर्ज
हरवला नव्हता गं.
मी साहेबांना सांगून मागे ठेवायला लावला.
तुझा नवरा तिकडे, पोरगा चार वर्षांचा,
आणि मला रात्रपाळीला तूच हवी होतीस.

लाट गेली.
तू पावलांवरची वाळू पुसलीस,
मग परत वाळूतच पाय ठेवलेस.
"भरती किती वाजता?" तू विचारलंस.
मी म्हटलं, एल्रॉयला विचारते.

रात्री बाईंनी मांदेली तळली.
तू मोठमोठी माझ्या ताटात ढकललीस,
नेहमीसारखी, न बघता.
मग कछवा पेटवून, पलंगाच्या कडेला बसून
डाव्या कानामागचे केस बाजूला केलेस
आणि सुपारीएवढं काहीतरी काढून
बशीत ठेवलंस. टक्क वाजलं.

"पोराने दिलं, मागच्या महिन्यात," तू म्हणालीस.
"अठरा हजार.
पण कामाचं नाही गं फारसं.
समुद्रावर नुसता वाराच ऐकू येतो."
आणि दिवा मालवलास.

मी जागी. तू घोरत होतीस, एकसुरी,
दूर कुठेतरी मचव्याचं इंजिन चालावं तशी.
बोंबलांचा वास गार झाला होता.
सत्तावीस वर्षांतली किती वाक्यं
मी त्या बाजूला सांडली असतील, मोजत राहिले.

सकाळी खाली आले तर
लाल खुर्च्या पाण्याकाठी लागलेल्या,
तू आधीच बसलेली, मोरावळ्याची बरणी मांडीवर.
वळून पाहिलं नाहीस.
फक्त डावीकडची खुर्ची
दोनदा थोपटलीस, तळहाताने.

भरती साडेदहाला होती.