दुसरी फेरी

अंबडच्या वर्कशॉपमध्ये मोबाईलवर बातम्या:
वाटाघाटी, दुसरी फेरी, वातावरण सकारात्मक.
लालसू कोवासी लेथ थांबवत नाही.
गडचिरोली सोडून नाशिकला त्याला सहा वर्षं झाली,
अजून दाराकडे पाठ करून जेवत नाही.

मी विचारलं, ठेवतील का रे खाली?
म्हणाला, बंदूक तशी जड नसते, शेठ.
ठेवल्यावर हात मोकळे राहतात
ते जड जातं.

मग डबा उघडता उघडता:
परवा जुरूचा फोन होता. तिकडून.
कुठल्या बंदुकीला किती, घर कुठे देतात,
केसेस कधी मिटतात, काहीच नाही विचारलं त्याने.
एवढंच, की तुमच्याकडे रात्री कुत्री भुंकली
तर उठून बसतोस का अजून?

काय सांगितलंस?

बसतो म्हटलं.
पण मग परत झोपतो.

फोनमध्ये बराच वेळ
नुसतं रान ऐकू येत होतं.

डबा धुऊन त्याने बोळ्याने हात पुसले,
सकाळचा जॉब उचलून खिडकीकडे धरला,
एक डोळा मिटून
नळीतून आरपार पाहिलं अंगवळणी असल्यासारखं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
बोअर सरळ आहे.
चालेल.