मऊ तोंडाचा मासा

ओडेल तळं, ओरेगन. पहाटेचे पावणेपाच.
इर्मा लुंडक्विस्ट शिशाचा गोळा पाण्यात सोडते.
चाकावरून तार उलगडत जाते
वीस, चाळीस, साठ फूट.
"आकडा मोठ्यानं म्हण," ती टेटला सांगते.
टेट शेजारच्यांचा. वय अकरा. जांभया देत मोजतो.

या माशाचं नाव कोकनी.
आपल्या कोकणाशी त्याचं काही नातं नाही;
कूळ सॅमनचं, पण समुद्र
त्याच्या आज्या-पणज्यानंही पाहिलेला नाही.

तारेच्या चिमट्यात दोरी,
दोरीला हेलकावणारा तांब्याचा पत्रा,
त्याच्या वीतभर मागे
गुलाबी रबराचं इवलंसं माकूळ,
आणि गरीच्या टोकाला मक्याचा पांढरा दाणा,
रात्रभर लसणात मुरलेला.

"पण तो तर पिसवांएवढे किडे खातो ना?
मग मका कशाला?"
"भूक नाही रे, राग.
आपल्या वाटेत कुणीतरी चमकतंय, ठुमकतंय,
एवढंच त्याला सोसत नाही.
लाकूडगिरणीतला माझा मुकादम अस्साच होता."

मोटार पुटपुटत राहते.
जेवणानंतरच्या शतपावलीहून संथ.
इर्मा नाव नागमोडी नेते:
वळणावर बाहेरची दोरी उचलली जाते,
आतली जरा बुडते,
आणि असल्या चुकारपणालाच तो फसतो.

फसला.
काठीची कमान सुटली, शेंडा थरथरला,
टेटनं दोन्ही हातांनी हिसका दिला.
जाळीपासून हातभर अंतरावर
चांदीचं काहीतरी वळलं
आणि नव्हतं.

गरीवर ओठाचा तुकडा,
कांद्याच्या पापुद्र्याइतका.

इर्माच्या हातात थर्मासचं झाकण तसंच.
"तोंड मऊ असतं त्याचं.
आधी सांगायला हवं होतं मी.
कॉफी ओतत बसले."
मग ती दोरीत बोटभर रबरी नळी जोडते,
पुढचा हिसका तिनं झेलावा म्हणून.

"सप्टेंबरात ते ओढ्यात चढतात, लालभडक,
पाठीला कुबड, जबडा वाकडा.
अंडी घालतात नि मरतात."
"तो येईल? फाटक्या ओठाचा?"
"न यायला काय झालं?
तेव्हा खाणंच बंद असतं.
ओठाचं कामच काय?"

टेट डब्यातला एक दाणा तोंडात टाकतो,
लसणानं नाक मुरडतो,
दुसरा घेतो.

गोळा पुन्हा खाली.
वीस.
चाळीस.
या वेळी तो मनातल्या मनात मोजतोय,
आणि इर्मा त्याला टोकत नाही.