चाल

ग्रीसच्या डब्यामागं पडलेली कॅसेट
नायनांनी एका शनिवारी घरी आणली.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चेक देशातून माग बसवायला आलेला फिटर
विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला,
आता कोण सांगणार.
कव्हरवरच्या अक्षरांच्या डोक्यावर
बारीक पाखरं बसल्यासारख्या खुणा.

अम्मा सुपात तेंदूची पानं घेऊन,
हजारातल्या साडेसहाशे वळून झालेल्या.

आधी नुसता आवाज,
शंभर माणसं एकदम खोलीत शिरावीत तसा.
आमच्याकडं एवढ्यांना बसायला जागा कुठली!
मी खरंच उठून सतरंजी झटकली.

मग व्हायोलिनं पळायला लागली
आणि नायनांनी मान तिरकी केली,
बिघडल्या मागापाशी करायचे तशी.
"ऐक. दोन-दोन-दोन मोजतोय,
आणि मधीच तीन-तीन.
माग असा वाजला असता तर बंद केला असता मी.
हा पडत कसा नाही?"

अम्मानं वर बघितलं नाही.
"बतुकम्माच्या फेरात एक म्हातारी असते बघा,
गुडघा धरलेली.
तिचं पाऊल येईस्तोवर
सगळ्या जणी टाळी अर्धी धरून ठेवतात.
ह्याच्या गावात पण असणार ती."

पुष्कळ वर्षांनी एका जाणत्यानं मला सांगितलं,
त्या माणसानं गावाचं एकही गाणं उचललं नव्हतं,
सूर सगळे स्वतःचे,
घेतली ती फक्त चाल.
तो ठेक्याबद्दल बोलत होता.
मला लंगडणारा पाय दिसला.

तीनला लाइट गेली.
शंभर माणसं जड होत होत
विहिरीत उतरल्यासारखी बुडाली,
आणि साखर पेठेतले सगळे माग एकदम थांबले.
त्या शांततेत कुठंतरी लांब एक कुत्रं,
आणि अम्माची कात्री:
कट-कट, कट-कट, कट-कट,
कट-कट-कट,
कट-कट-कट.

सोमवारी कारखान्यात चाळीस विड्या छाट निघाल्या.
काही जाड, काही बारीक, म्हणाला तपासणारा,
असं तुमचं कधी होत नाही, राजव्वा.

अम्मा पदरानं घाम पुसत म्हणाली,
"राहू दे. नाचून आल्यात त्या."