दीडशे ते दोनशे

मंठा रोडला जिथं खदान होती
तिथं आता विद्यापीठ आहे.
कंडक्टर अजून ‘खदान’ म्हणूनच बेल मारतो
आणि बी.टेक.ची पोरं उतरतात.

मी रँकिंग सेलला. तिसरा मजला,
एक टेबल, दोन स्क्रीन, घरघरता कूलर.
प्राध्यापक किती, पैकी पीएचडी किती,
मुली किती, रॅम्प किती,
परराज्यातले किती
(चार; त्यात दोघे सख्खे भाऊ, आदिलाबादचे).
मोजता येतं ते मी भरते.
येत नाही, त्यालाही रकाना आहे.

तबस्सुम पठाण मोसंबीच्या मुळकुजीवर काम करते.
समिती आली त्या दिवशी
उसना पांढरा कोट घालून तिला लॅबमध्ये उभं केलं.
खिशात कागदाची पुडी, पुडीत अंबडच्या बागेतली माती.
कुणी विचारलंच नाही.
तिच्या लेखाचा हवाला तिघांनी दिला:
एक तिनंच, एक तिच्या गाइडनं,
एक मोरोक्कोतल्या कुणा बाईनं.
मी तिन्ही मोजले.
मग मधल्या सुट्टीत
भिंतीवरच्या नकाशात मोरोक्को शोधला.

शेवटचा रकाना: लोक तुम्हाला काय समजतात.
तो आम्ही भरायचा नसतो, दिल्लीहून भरून येतो.
शून्य पूर्णांक शून्य शून्य.
कुलसचिव म्हणाले, हा आकडा बोर्डावर घेऊ नका.

निकाल लागला. दीडशे ते दोनशे.
या पट्ट्यात नंबर नसतो,
नावं इंग्रजी अक्षरांच्या ओळीनं उभी.
जालना स्टेशनपासून फ्लेक्स लागले,
अध्यक्षांचा फोटो दोन मजली,
‘देशातल्या पहिल्या दोनशेंत’.

रात्री बाप म्हणाला, ‘कितवं आलं गं?’
तो याच खदानीत सुरुंग लावायचा.
उजवा कान तेव्हाच गेला,
म्हणून मी कायम डाव्या अंगाला बसते.
म्हटलं, दीडशे ते दोनशेच्या मधी.
‘मधी मंजे?’
मधी मंजे मधी. नंबर सांगत न्हाईत.
भाकरीचा तुकडा हातातच ठेवून
तो बराच वेळ गप्प.
‘सांगायचाच न्हाई, तर मोजलं कामून?’

सकाळी पुढच्या वर्षाचा फॉर्म उघडला.
संस्थेचं नाव. स्थापना. पत्ता.
जवळची खूण?
दार लोटून घेतलं
आणि टाईप केलं: खदान.