ओलावा अकरा दशांश चार

रंगपंचमी झाली, आणि यंदा गहू घरी आलाच नाही.
मळणीयंत्रातून ट्रॉलीत,
ट्रॉलीतून देपालपूरच्या रस्त्याने
संस्थेच्या काट्यावर.
मी पोत्यांवर बसले होते, पदर नाकाला लावून,
कुणाला तरी दवाखान्यात नेतात
तशी गप्प.

तिथला पोरगा, हुकुमसिंगचा धाकटा,
पोत्यात परखी खुपसतो,
मूठभर दाणे काढून यंत्राच्या वाटीत टाकतो.
अकरा दशांश चार, म्हणतो. पास.
आमच्याकडे दाणा दाढेखाली धरायचा,
कट्ट वाजला की वाळला.
कट्टला आकडा नव्हता.
त्याची नजर चुकवून मी एक चावला.
कट्ट.
यंत्र खोटं बोलत नव्हतं.

मग पट्टा फिरू लागला.
आमचा गहू वर चढत गेला बद्रीलालच्या गव्हामागे,
बद्रीलालचा कुणामागे, ते दिसलं नाही,
आणि त्या उंच पत्र्याच्या पोटात
मोठा आवाज करून पडला.
यातला माझा कुठला, ते कसं कळणार?
'काकी, गऊँ तो गऊँ हे,'
म्हणाला, आणि हातात पावती ठेवली.
बावन्न क्विंटल, सत्तावीस किलो.

घरी कोठी रिकामी.
मांडणीखालची हिरवी पत्र्याची कोठी,
तिच्या तोंडाला चिंधी मीच कोंबायचे,
तिच्यात राख मीच कालवायचे,
शेजारीण आली तर किती मापं द्यायची ते मीच ठरवायचे.
किल्ली अजून कनवटीला आहे.
तिच्यात आता गोधड्या ठेवल्यात.

खोटं कशाला बोलू,
यंदा रात्री काही कुरतडलं नाही.
पीठ चाळताना सोंडे निघाले नाहीत.
ज्या वर्षी आम्ही गोळ्या ठेवल्या होत्या
त्या वर्षी दोन रात्री ओसरीवर झोपलो,
आणि तरी मांजर मेलं.
भादव्यात भाव चढला तेव्हा
ह्यांनी वीस क्विंटल कागदावरच विकला,
एक पोतं न उचलता.
संध्याकाळी कंबर चोळायला तेल मागितलं नाही.
मी वाटीत काढून ठेवलं होतं.

पण कार्तिकात, शनिवारी रात्री,
कंचनबाई गेली.
धार, बदनावर, सगळीकडचे लोक पहाटेपर्यंत येणार,
आणि रविवारी संस्थेला कुलूप.
आमच्या गल्लीत अकरा पावत्या होत्या,
अकराही खऱ्या, शिक्क्याच्या.
त्यांच्या पोळ्या होत नाहीत.
मग परातीत, डब्यात, पातेल्याच्या तळाशी
जिच्याकडे जे पीठ होतं ते तिनं आणलं,
जाडं, बारीक, थोडं मक्याचंही,
आणि एकाच ताटात मळलं.
कुणाचं किती, विचारायला सुचलं नाही कुणाला.
मला मात्र मळता मळता
तो पट्टा आठवला, आणि हुकुमसिंगचा पोरगा,
आणि त्याच्यावरचा राग
थोडा कमी झाला. सगळा नाही.

सोमवारी मी पावती घेऊन गेले.
दोन क्विंटल काढला, घरचा म्हणून.
पावतीच्या मागे त्यांनी वजाबाकी करून दिली.
ओसरीवर सुपात घेतला तर
चाळण्यांतून कसंबसं सुटलेलं
कडुनिंबाचं एक वाळकं पान.
मी कडुनिंब कधीच घालत नाही. राख घालते.
कुण्या बाईनं तिच्या गव्हात, ट्रॉली निघायच्या आधी,
कुणाला न सांगता टाकलं असणार
सवयीनं.
बराच वेळ ते पान तळहातावर धरून बसले होते.

आमचं शेत चंबळच्या काठाला.
कितीही पाखडा, आमच्या गव्हात
एखादा पांढरा खडा राहतोच,
गव्हाएवढा, गव्हाच्याच वजनाचा.
कुठेतरी, कुणाच्या तरी ताटात,
पहिल्याच घासाला तो येईल.
कट्ट.
आणि तो माणूस चिडून विचारेल,
कुणाच्या घरचा गहू हा?